भरवशाचं रोप

तळेगाव (श्यामजी पंत)
२३ जून

काजल,

पोचल्याचा मेसेज मिळाला. वाचला आणि पुसला. हर्षित माझा फोन घेऊन खेळतो आणि दिसेल ते मोठ्यानं वाचतो. पोरगं नवीन वाचायला लागलं की घरात काही लपत नाही. शाळा उघडली की तू दुपारचा मेसेज करत जा. मी मात्र पत्रच लिहीन. त्या इवल्याशा पाटीवर बोटं आपटत बसलं की मला काय म्हणायचं होतं तेच विसरते.

आई, तुझा दादा आणि हर्षित आर्वीच्या लग्नाहून काल परतले. जेवणात मीठ जास्त होतं, नवरदेवाचा मामा भांडला, आणि आईंना कोणी पानाचं विचारलं नाही. एवढं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "बाकी?" तर म्हणे, "बाकी चांगलंच झालं." इथं तुझा कोणाला वाससुद्धा आला नाही. तुझा फोटोग्राफर चपला बाहेर काढून आत आला होता, हे मला आवडलं. पुण्याच्या पोराकडून एवढी अपेक्षा नव्हती.

मला एवढंच आवडलं नाही की तू चोरासारखी आलीस आणि चोरासारखी गेलीस. आई घरात नाही असा दिवस साधून. बरं, दुसरा उपाय तरी काय होता म्हणा. तू स्वतःच्या मनानं लग्न केलंस तेव्हा आई म्हणाल्या, "मले एकच पोरगा हाय," आणि त्या दिवसापासून ह्या घरात तुझं नाव निघालं नाही. नर्सरी त्याच्या पुढच्या वर्षीची. गिऱ्हाइकांना ठाऊकही नाही की धुरपताबाईंना मुलगी आहे.

तुझं ते जनसंपर्काचं काम का काय म्हणतात, ते मला अर्धंच समजलं. रोप चांगलं आहे तर ते चांगलं आहे हे सांगत का फिरायचं? तू म्हणालीस, "वहिनी, सांगायचं नाही, दाखवायचं. लोकांना माणूस दिसला पाहिजे." ठीक आहे, दाखव. आपलं ठरलं ते माझ्या ध्यानात आहे. हा हंगाम चांगला जाऊ दे. गिऱ्हाईक वाढलं, आईंचं नाव झालं, की दिवाळीआधी मी त्यांना समोर बसवून सांगणार, हे सगळं काजलनं केलं. मग बघू कोणत्या तोंडानं तुला दारातून परत पाठवतात. तोपर्यंत नर्सरीच्या जाहिरातीचा बोर्ड करणारा "नागपूरचा एक पोरगा" आहे. हे तुझ्या दादालाही माहीत नाही, त्याच्या पोटात काही टिकत नाही.

तब्येत सांभाळ. सावळी झाली आहेस.

उज्वला


१४ जुलै

काजल,

बोर्ड लागला. स्टँडवर, रसवंतीच्या वर. बाई ग, मी दिलेल्या जुन्या फोटोतलं आईंचं तोंड एवढं मोठं की बसमधून उतरणारा माणूस आधी दचकतो. खाली "भरवशाचं रोप, धुरपताबाईंच्या हातचं" आणि मागे आपले वाफे, रंगीत चिंध्या, हिरवंगार. चांगला दिसतो, खोटं कशाला बोलू. त्याखाली तू लिहिलंस, "एक आई, एक मुलगा, एक सून आणि हजारो रोपं." तिथं मी थोडा वेळ थांबले. स्वतःला किती सहज गाळलंस ग.

तुझ्या त्या छोट्या व्हिडिओंनी तर कहर केला. कारंज्याचे, आर्वीचे, मोर्शीचे लोक येऊन राह्यले. (बघ, लिहिता लिहिता घरची भाषा आली. शाळेतली मराठी माझ्या हातात अर्ध्या पानापर्यंतच टिकते.) पहिल्याच आठवड्यात समोरचे सगळे वाफे रिकामे. मागच्या वर्षी आई गिऱ्हाइकामागे लागायच्या, आता गिऱ्हाईक रांगेत. परवा एकानं भाव करायला तोंड उघडलं, तर आई म्हणतात, "बोर्ड नाई पाह्यला काय?"

रूपराव आले होते, आष्टीकडचे, पहिल्या वर्षीपासूनचे गिऱ्हाईक. म्हणाले, "बोर्डावर पाह्यलं तवा वाटलं कोनी मोठी बाई असंन. हे तं आपली धुरपताबाईच निघाली!" आई एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. ह्या वर्षी रूपरावांनी सगळ्या वावरात वाळवायची मिरची लावली आहे. "बोर्ड पाहून हिंमत केली," म्हणाले.

आणि ऐक. आई रोज काही ना काही निमित्त काढून स्टँडवर जातात. साबण संपतो, काडीपेटी संपते. खरं म्हणजे बोर्ड बघायला जातात. काल मला विचारलं, "थो नागपूरचा पोरगा हुशार हाय वं. कोनाचा हाय?"

मी म्हटलं, चांगल्या घरचा आहे.

उज्वला


३ ऑगस्ट

काजल,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं टाकते.

आपल्याकडून मिरचीची रोपं उलटसुलट गेली आहेत.

तू घरात असताना नर्सरी नव्हती, म्हणून आधी चिंध्यांचं सांगते. आपल्याकडे मिरची तीन जातीची. एक वाळवून लाल करायची, एक हिरवी तिखट बाजारात विकायची, एक जाड, भज्याची. रोप असताना तिन्ही सारख्याच दिसतात, भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. कागद लावला तर पाण्यानं धुऊन जातो, आणि आईंना वाचता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी जुनी लुगडी फाडली आणि कामट्यांना बांधून वाफ्यावाफ्यात रोवली. निळी म्हणजे वाळवायची, गुलाबी म्हणजे हिरवी तिखट, पिवळी म्हणजे भज्याची. का, ते विचारू नको. तेव्हा हाताशी जी लुगडी होती त्यांचे रंग ते. तेव्हापासून तेच चालतं. बी टाकायला बाया येतात, तुझा दादा असतो, मी असते. कोणत्या वाफ्यात काय, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नसतं. ते चिंधीवर असतं. विकताना आई चिंधी बघतात आणि रोप उपटून देतात.

तर समोरच्या वाफ्यांच्या चिंध्या इकडच्या तिकडे झाल्या. कशा, ते पुढे लिहीन. ज्यांनी पहिल्या आठवड्यात रोपं नेली त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या वावरात वाळवायच्या मिरचीच्या जागी भज्याची लागली आहे. भज्याची मिरची वाळत नाही. वाळत घातली की काळी पडते, सडते. रूपरावांनी तर दुसरं काही लावलंच नाही.

अजून कोणाला माहीत नाही. मिरची लागेपर्यंत कळणारही नाही. ती लागायला अजून महिनाभर आहे.

मी घरात सांगितलं. तुझा दादा म्हणाला, "बियाणंच तसं निघालं म्हनू. कंपनीवर ढकलून देऊ." आईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लागू दे. लागल्यावर पाहू. तोंड उघडलं तं आताच दुकान बंद होते." मला वाटलं होतं आई असं म्हणणार नाहीत. पण म्हणाल्या. बोर्डावर एवढं मोठं तोंड लागलं की माणसाला ते सांभाळावं लागतं, दुसरं काय.

पण आता सांगितलं तर उपाय आहे. आपले मागचे वाफे उशिरा टाकलेले. त्यांच्या चिंध्या जागच्या जागी आहेत, त्यात वाळवायची रोपं शिल्लक आहेत. पोळ्याच्या आत दिली तर लोक उपटून पुन्हा लावू शकतात. मागाहून कळलं तर त्यांच्या हाती काही नाही, आणि आपल्याही नाही.

हे तुझं काम आहे म्हणून तुला विचारते. लोकांचा भरवसा बसवायचं तू शिकलीस. बसलेला भरवसा उठायच्या आधी काय करायचं असतं?

उज्वला


६ ऑगस्ट

काजल,

तुझा मेसेज आला. "वहिनी, लोकांना आपल्याकडून कळलं पाहिजे, त्यांना सापडायच्या आधी. आणि कारण सांगितलं पाहिजे. कारण नसेल तर कोणी विश्वास ठेवत नाही. चिंध्या कशा हलल्या?"

विचारलंस, तर सांगते.

तू हलवल्यास.

चिडू नको, पूर्ण वाच. त्या दिवशी मी आत तुझ्यासाठी भाकरी टाकत होते. बाहेर तू आणि तो फोटोग्राफर. तुझा आवाज येत होता, "पिंक मधे घे, ब्लू कोपऱ्यात, असं रंगात दिसू दे." मला वाटलं तू कपड्यांचं बोलते आहेस. तुला वाटलं असेल चिंध्या पाखरं हाकलायला आहेत. कामट्या उपटल्यास, सुंदर रांगेत लावल्यास, फोटो झाल्यावर तशाच राहू दिल्यास.

मला हे कसं कळलं? गेल्या आठवड्यात मी स्टँडवर देवळीच्या बसची वाट बघत उभी होते, माहेरी जायचं होतं. बस येईना, म्हणून बोर्ड बघत बसले. टाक्याजवळचा तेवढा एक वाफा मी स्वतः टाकते, तिथं दरवर्षी भज्याचीच असते, सावली असते म्हणून. बोर्डावर त्याच वाफ्यावर निळी चिंधी. रोज त्याच वाफ्याजवळून जाणारी मी, आणि दिसलं ते बोर्डावर. बस आली, गेली. मी घरी परत आले.

म्हणजे कारण आहे ते असं आहे. ते लोकांना सांगितलं तर आईंना कळेल. तू आली होतीस, बोर्ड तू केलास, आणि तुझ्याच हातानं हे झालं. आपलं दिवाळीचं ठरलेलं संपलं म्हणून समज. "एकच पोरगा" म्हणणारी बाई ह्याच्यानंतर तुझं तोंड बघेल असं मला वाटत नाही.

म्हणून मी दुसरं सुचवते. माकडं. आपल्याकडे माकडांचा किती त्रास आहे तुला माहीत आहे. चिंध्या ओढतात, कामट्या उपटतात, मागच्या वर्षी तर शेजारच्या बबनरावांच्या गच्चीवरून धोतर नेलं. "माकडांनी चिंध्या हलवल्या" म्हटलं तर अख्खा आष्टी तालुका मान हलवेल. लोकांना वेळेवर कळेल, रोपं मिळतील, आणि तुझं नाव कुठंच येणार नाही. कोणाचं काय बिघडलं?

विचार करून सांग. पण लवकर.

उज्वला


१० ऑगस्ट

काजल,

चार दिवस तुझं काही नाही, आणि आज हे. मी दहा वेळा वाचलं.

"काही तांत्रिक कारणांमुळे रोपांच्या वितरणात अनवधानाने त्रुटी झाल्याचे निदर्शनास आले आहे. ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

तांत्रिक म्हणजे काय ग? चिंधी तांत्रिक असते का? आणि हे "निदर्शनास आले आहे" कोणाच्या? हे कोणाचं बोलणं आहे? रूपराव हे वाचून विचारतील, वीज बिलाचं आहे का. मी सांगते तुला, हे मोठ्यानं वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली. माझी माकडं तरी ह्याच्यापेक्षा बरी होती. त्यांना निदान शेपूट होतं.

तूच म्हणाली होतीस ना, सांगायचं नाही, दाखवायचं? मग आता दाखवायची वेळ आली तर तू पडदा कसा लावतेस? मला तुझी भीती समजते. खरंच समजते. मी सहा वर्षं बघते आहे, राखीपौर्णिमेला तुझं पाकीट येतं, तुझा दादा बाथरूममध्ये जाऊन राखी बांधतो आणि बाहेर यायच्या आधी सोडतो. ह्या घरात यायची तुला किती ओढ आहे, ते मला सांगू नको. पण मग खोटं बोलायचं तर सरळ बोल, माकडं म्हण. खरं बोलायचं तर तेही सरळ बोल. हे मधलं काय आहे?

जास्त बोलले असेन. राहू दे तसंच, फाडत नाही.

भागीरथा आली होती आज. आपल्याकडून रोपं नेऊन बाजारात भाजी विकते ती. म्हणाली, "वैनी, मिरची मस्त उभी राह्यली. तुमच्या बोर्डाचा फोटो मी माह्या फोनले लावला." तिनं कोणत्या वाफ्यातली नेली ते मला आठवत नाही. आठवत नाही हेच वाईट.

उज्वला


१४ ऑगस्ट

काजल,

तुझा मेसेज काल दुपारी आला. तीनच शब्द. "माझं नाव घाल."

मी तो पुसला नाही. संध्याकाळी आईंच्या समोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. नागपूरचा पोरगा नाही, काजल. बोर्ड तिनं केला. लग्नाला तुम्ही आर्वीला गेला होता तेव्हा ती इथं आली होती. चिंध्या तिच्या हातानं हलल्या. आणि आता ती म्हणते, लोकांना सगळं सांगा, माझं नाव घालून सांगा.

तुझा दादा मधेच उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. त्यांना नुकतंच दाखवलं होतं.

आईंनी पहिलं काय विचारलं असेल, सांग. मिरचीचं नाही. लोकांचं नाही.

"घरात आली होती?"

"हो."

"आत?"

"हो, स्वयंपाकघरात बसली होती."

"मंग जेवली का तशीच गेली?"

मी म्हटलं, जेवली. भाकरी आणि मुंगवड्यांची भाजी.

"माह्या हातच्या मुंगवड्या?"

"हो. दोनदा घेतली."

मग एकदम पेटल्या. तुला खरं ते लिहिते, गोड करून नाही. म्हणाल्या, "मायच्या घरी मायचा डोया चुकवून येते! कोनाची भीती होती तिले? मी काय वाघीन हाय? अन् आली तं आली, माह्या चिंध्याले हात काऊन लावला? इचारता येत नोयतं? तोंड होतं नं?" मी म्हटलं, तुम्ही तिचं नाव घेऊ देत नव्हता. त्यावर मला म्हणाल्या, "तू चूप बस. तू बी तिच्यातलीच." ते काही खोटं नाही.

रात्री जेवल्या नाहीत. आताच मला बोलावून विचारलं, बाजाराच्या दिवशी आष्टीत भोंग्याचा ऑटो मिळतो का. मिळतो म्हटलं. त्या काय बोलणार, मला सांगितलं नाही. तुझ्या दादानं मात्र मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "माकडाचंच बोलन नं माय?" ही माकडं मीच त्याच्या डोक्यात घातली होती. आता निघत नाहीत.

मला भीती वाटते आहे. त्या "माकडं" म्हणाल्या तर तू वाचलीस, पण मग ह्या घरात तुझं नाव पुन्हा कधी निघणार नाही. आणि खरं बोलल्या तर लोक काय करतील, देव जाणे.

उज्वला


१८ ऑगस्ट

काजल,

बाजार झाला. मी होते, सगळं डोळ्यांनी बघितलं. जसं झालं तसं लिहिते.

ऑटो बाजाराच्या तोंडाशी लावला, जिथं भेद्रं आणि सांबार (तुझ्या पुण्यातले टोमॅटो आणि कोथिंबीर) घेऊन बाया बसतात. ऑटोवाला रोज साड्यांच्या सेलचं ओरडतो, त्याला वाटलं आमचंही तसंच. त्यानं सुरुवात केली, "आ गया आ गया." आईंनी त्याच्या हातातून माईक ओढून घेतला. उलटा धरला होता, मी सरळ करून दिला.

म्हणाल्या, "भाऊ हो, बाया हो, ऐका. मी धुरपता, तयेगावची. बोर्डावरची. ज्याईनं माह्याकडून पहिल्या हप्त्यात मिरचीची रोपं नेली, त्याईची रोपं चुकीची गेली. वाळवाची मांगतली त्याले भज्याची गेली असंन. आता फूल यायचं हाय, म्हून आताच सांगून राह्यली. माह्याकडं चांगली रोपं उरली हाय. घेऊन जा, पैसे नाई. ज्याले उपटाचं नाई त्याची मिरची निघंन तवा माह्या पोराच्या गाडीनं नागपूरले नेऊन देऊ, भज्याची म्हून."

बाजार थांबत नाही ग कधी, पण तेवढा भाग थांबला. मग आवाज सुरू झाले. रूपराव पुढे आले. त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणाले, "बाई, अख्खं वावर लावलं मी. तुमच्या बोर्डावर भरोसा ठेवून. असं झालं कसं? इतक्या वर्षांत चिंधी नाई चुकली तुमची."

तुझा दादा लगेच म्हणाला, "माकडाईनं, भाऊ, माकडाईनं..."

आई माईकमध्येच म्हणाल्या, "माकडं नाई. माही पोरगी."

रूपरावांना समजलंच नाही. "कोन पोरगी? तुमाले तं एकच पोरगा. बोर्डावर बी तसंच लिवलं हाय."

"बोर्डावर चूक हाय," आई म्हणाल्या. "मले पोरगी हाय. मोठी हाय, शिकेल हाय, पुन्यात असते. थो बोर्ड तिनंच केला. फोटो काढाले चिंध्या हलवल्या, तिले माहीत नोयतं. मी सांगतलंच नोयतं तिले कधी. काजल नाव हाय तिचं."

सहा वर्षं, काजल. कुजबुजत, पुसलेल्या मेसेजमध्ये, ह्या पत्रांत. घरात एकदाही मोठ्यानं नाही. आणि त्या दिवशी तुझं नाव भोंग्यातून अख्ख्या आष्टीच्या बाजारावर गेलं. तुझा दादा ऑटोला टेकून ढसाढसा रडत होता आणि लोकांना वाटत होतं मिरचीसाठी रडतो.

सगळं गोड झालं असं समजू नको. नत्थूजी, आपले दरवर्षीचे गिऱ्हाईक, सगळ्यांसमोर म्हणाले की पुढच्या वर्षी ते दुसरीकडून रोप घेतील, आणि ते घेतील. दोघांनी आम्हाला नको ते बोलून घेतलं. कोणी म्हणालं, बोर्ड उतरवा आता. आईंनी ऐकून घेतलं, एकालाही उलट बोलल्या नाहीत. हे मी पहिल्यांदा बघितलं. रूपराव मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बंडी घेऊन आले. रोपं भरली. जाताना म्हणाले, "ज्यानं भेसळ केली त्यानंच येऊन सांगतलं, असं मी आजवर पाह्यलं नोयतं. पुढच्या साली बी येईन, पन चिंधी मी सोता पाहीन." भागीरथाची रोपं मागच्या वाफ्यातली, म्हणजे बरोबरच निघाली, तरी ती दोन जास्तीची घेऊन गेली.

हे तुझ्या धंद्यात कुठं बसतं ते तू ठरव. आमचं गिऱ्हाईक कमी होईल हे नक्की. जे राहील ते कसं राहील, ते मिरची निघाल्यावर कळेल.

आज सकाळी आई ओट्यावर बसल्या होत्या. कालपासून लोक येऊन बोलूनच राह्यले आहेत, रोपं नेतात आणि जाता जाता चार शब्द सुनावतात. एकजण गेल्यावर आईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "तू तिले चिठ्ठ्या लिवते नं? मले माहीत हाय, मी काय आंधळी हाय काय. आता लिव. माहा निरोप लिव, जसाच्या तसा."

तर निरोप लिहिते. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही.

"तिले सांग, लोकं दारावर येऊन शिव्या देऊन राह्यले. तिच्या वाटच्या शिव्या मी काऊन खाऊ? घरी येजो म्हना, अन् आपल्या आपन खाय."

उज्वला